वाढत्या अंगाचं यंत्र

१

विकणारा ज्या यंत्राबद्दल “जोडण्या कुठेही मिळतात” असं म्हणतो, त्याच्या जोडण्या कुठेही मिळत नाहीत. एवढं शहाणपण यायला मला एकसष्ट वर्षं लागली.

मी नुरमत. कोकंदमध्ये पाळणे करतो, माझा बापही करायचा. आमचा पाळणा टांगायचा नसतो. तो जमिनीवर उभा असतो, खाली दोन कमानदार पाय, हात लावला की त्यांवर डुलतो. बाळाला आत रुंद पट्ट्यांनी बांधतात, तळाला भोक असतं, भोकाखाली मडकं. वर एक आडवी दांडी. आई त्या दांडीवर ओणवते आणि बाळाला न उचलताच पाजते. असे हजारभर पाळणे मी लोकांच्या नातवंडांसाठी केले. माझ्या नातवासाठी करायची वेळ आली तेव्हा माझा उजवा अंगठा संपावर गेला.

माझी मुलगी दिलनवाज रिश्तानला दिली आहे. असिल हे तिचं तिसरं. आधीची दोन चाळीस दिवस पुरे व्हायच्या आत गेली. म्हणून माझ्या बायकोने, खोसियतने, बजावून ठेवलं होतं की मूल जन्मून तीन आठवडे झाल्याशिवाय लाकडाला हात लावायचा नाही. तीन आठवडे झाले. पाळणा आईच्या माहेरचा असतो आणि तो चाळिसाव्या दिवशी पोचायला हवा. हातात उरले एकोणीस दिवस. सांगाडा मी चार दिवसांत उभा केला. राहिलं कोरीवकाम, आणि पटाशी धरली की अंगठ्यातून अशी कळ यायची की डोळ्यांत पाणी.

“यंत्र घ्या ना एखादं,” खोसियत म्हणाली. “जुनं का होईना.”

जुनं का होईना म्हणे.

रिनातचा ठेला जुन्या बाजारात कालव्याच्या कडेला असतो. त्याच्या सतरंजीवर नळाच्या तोट्या, एका काडीचे चष्मे, कुणाकुणाची कुलपं, आणि मध्ये एक बोरमाशिना. दातांचे डॉक्टर पूर्वी वापरायचे तसलं कोरणीयंत्र. लहान खरबुजाएवढी मोटर, तिला लांब लवचिक नळी, नळीच्या टोकाला पेनासारखी मूठ.

“चालतं का?”

“चालतं? पळतं, उस्ता.” त्याने शेजाऱ्याच्या ठेल्यातून वायर ओढून लावून दाखवलं. माझी दाढ शिवशिवली.

“बिट कुठे आहेत याचे, कोरायची टोकं?”

“बिट नाहीत. पण जोडण्या काय, कुठेही मिळतात.”

त्याने बारा लाख सोम सांगितले, मी नऊ दिले. घरी येईपर्यंत मी स्वतःवर खूश होतो. माझ्या आयुष्यात अशा खुशीची मुदत साधारण तेवढीच असते.

२

बिटची दांडी ज्या पितळी चिमटीत बसते तिला कॉलेट म्हणतात. दातांच्या सामानाच्या दुकानात गेलो. तिथल्या बिटची दांडी २.३५ मिलिमीटर. माझ्या कॉलेटमध्ये ती शेवईसारखी हलली. दुकानदार म्हणाला, नखं घासायच्या यंत्राचे बिट बघा. म्हणून मी एकसष्ट वर्षांचा दाढीवाला माणूस नखांच्या सामानाच्या दुकानात गुलाबी डब्यांसमोर उभा राहिलो. तेही २.३५. तिथली मुलगी फार गोड बोलली, त्यामुळे जास्तच राग आला. मग हार्डवेअरवाल्यांची अख्खी रांग पालथी घातली. कुणाकडे तीनची दांडी, ती सैल. कुणाकडे ३.२ ची, ती आत जात नाही. तीन आणि ३.२ यांच्या मधलं या जगात कुणीच काही बनवत नाही, आणि माझं यंत्र नेमकं तिथे जन्माला आलेलं.

शेवटी तीनच्या दांडीला सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळला आणि घट्ट आवळलं. बसलं. फक्त फिरताना लंगडत होतं, त्यामुळे मूठ हातात थरथरायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाळण्याची आडवी दांडी बाकावर घेऊन तिच्यावर पहिली वेल कोरायला घेतली. अर्धा तास झाला असेल. यंत्राच्या आवाजाखाली आणखी एक आवाज येत होता. टक, आणि बऱ्याच वेळाने पुन्हा टक.

मागे वळून बघितलं. कोपऱ्यातला पाळणा डुलत होता.

रिकामा पाळणा हलवायचा नाही, हे कोकंदमध्ये कुणाला शिकवावं लागत नाही. मूल दगावतं म्हणतात. मी हे मानतो की नाही, कधी ठरवलेलं नाही. पण दुकानात उभ्या प्रत्येक पाळण्याच्या पायाखाली मी पाचर मारतो. यालाही मारली होती. ती निघून हातभर लांब पडली होती.

यंत्र बंद केलं. पाळणा आणखी एकदा डुलून थांबला.

थरथर, दुसरं काय. मूठ थरथरते, बाक थरथरतं, फळ्यांची जमीन थरथरते, पाचर निसटते. यात न कळण्यासारखं काही नव्हतं. एकच गोष्ट मनाला लागून राहिली. थरथरीने वस्तू थरथरते, आणि पाळणा तर सावकाश डुलत होता. झोपवायला बसलेला हात झुलवतो तसा.

दुपारी खोसियत म्हणाली, “दिलनवाजचा फोन होता. असिलने सकाळी सगळं दूध ओकलं.”

“किती वाजता?”

“मला काय माहीत किती वाजता? पोरं ओकतात.”

३

पाळणा शेजारच्या खोलीत नेला. तिथे मातीची जमीन आहे. दोन पाचरी मारल्या आणि यंत्र सुरू केलं. भिंतीपलीकडून आवाज आला. टक. टक.

त्या दिवशी असिल पुन्हा ओकला. मग मी दोन दिवस यंत्राला हातच लावला नाही, आणि तो दोन्ही दिवस पोटभर प्यायला. तिसऱ्या दिवशी पाव तास कोरलं तर दुपारी फोन आला की ताप आहे. योगायोग म्हणावा तर म्हणता येत होतं. मी म्हणतही होतो. पण आधीच्या दोघांच्या वेळीही आम्ही तापाला योगायोगच म्हणालो होतो, आणि दुकानात एकटं बसल्यावर ते नेमकं आठवतं.

उपाय सरळ होता. बरोबर मापाची कॉलेट मिळाली की बिट लंगडणार नाही, थरथर थांबेल, पाळणाही थांबेल. मी होल्दोरकडे गेलो. तो आमच्या गल्लीतला लेथवाला, माझा शाळेपासूनचा मित्र, आणि फुकटचे सल्ले द्यायला कायम मोकळा.

त्याने मूठ फडक्याने पुसली आणि माप घेतलं. “३.१. असलं माप कोण करतं?”

“मला विचारू नकोस. बुश कर.”

त्याने पितळेची बुश, म्हणजे सैल जागा भरणारी बारीक नळी, करून दिली. घरी नेली, बसवली, तर सैल. परत गेलो.

“३.३,” होल्दोर म्हणाला. “सकाळी तू हात हलवला असशील.”

“मोजत होतास तू आणि हात हलवला मी?”

त्याने दुसरी करून दिली. चहा होईपर्यंत मी तिथेच बसलो आणि त्याच्यासमोरच बसवून बघितली. सैल. त्याने पुन्हा मोजलं आणि ३.५ म्हणाला. मग चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पण आकडा काही बदलला नाही.

“धातू गरम झाला की फुगतो,” तो म्हणाला.

“एवढा?”

“स्वस्तातला असेल.” मग हसायला लागला. “नुरमत, हे वाढत्या अंगाचं दिसतंय. पोरांचे कपडे शिवतात तसं दोन बोटं मोठंच करून देऊ का?”

तो बराच वेळ हसत राहिला. मला त्यात हसण्यासारखं काही दिसेना. मी दोन्ही बुश खिशात घातल्या आणि निघालो.

४

रिनातला फोन केला. यंत्र परत घे म्हणालो.

“उस्ता, विकलेला माल मी आईकडूनसुद्धा परत घेत नाही. झालं काय पण?”

“लंगडतंय. माप बदलतंय.”

“गरम ठेवता का? थंडीत कुरकुरतं ते. ज्याने मला दिलं तो म्हणाला होता, गुंडाळून ठेवत जा.”

आता हे आधी सांगायला याचं काय जात होतं? फेब्रुवारीचा महिना, दुकानात तोंडातून वाफ निघत होती. आतलं ग्रीस गोठलं असणार. हे मला पटलं. आणि पटलं त्याच क्षणी दुसरा प्रश्नही सुटल्यासारखा वाटला, म्हणून मी जे केलं ते फार हुशारीचं समजून केलं.

पाळणा रिकामा हलायला नको ना? मग तो रिकामा ठेवायचाच कशाला? त्यात काहीतरी ठेवलं की झालं. मोटर गुंडाळून ठेवायची होतीच.

असिलसाठी शिवलेली छोटी दुलई मोटरभोवती गुंडाळली आणि ते गाठोडं पाळण्यात ठेवलं. गडगडू नये म्हणून पट्ट्या बांधल्या, एक वर, एक खाली. वायर तळाच्या भोकातून खाली सोडली. नळी बाजूने बाहेर काढून मूठ माझ्या हातात घेतली. धूळ बसू नये म्हणून वरून चादर टाकली आणि बटण दाबलं.

आवाज नाही. म्हणजे होता, पण मांजराच्या पोटातून येतो तेवढाच. बिट एका जागी फिरत होता, केसभरही लंगडत नव्हता. पाळणा माझ्या गुडघ्याला लागून सावकाश डुलत होता, पण आता तो रिकामा नव्हता. माझी काही हरकत नव्हती.

त्या दुपारी मी दोन वेली पूर्ण कोरल्या. संध्याकाळी फोन आला, असिलचा ताप उतरला. पुढचे तीन दिवस तो शांत राहिला, आणि ते तीन दिवस माझ्याही आयुष्यातले सगळ्यात निवांत होते. अंगठा दुखेना. २.३५ ची दांडी बसायची, तीनची बसायची, ३.२ चीही बसायची. कुठलाही बिट हाताला येईल तो घ्यावा आणि आत सरकवावा, चिमटी आपणहून मिटायची. इतक्या वणवणीनंतर हे झालं तेव्हा मी शंका घ्यायला हवी होती. पण कंटाळलेला माणूस शंका घेत नाही, बसलं एकदाचं म्हणतो.

दांडीवर डाळिंबं आली, पानं आली, पानांच्या शिरा आल्या. इतकं नाजूक काम मी ऐन तिशीतही केलं नव्हतं. आणि काम करता करता मी गुणगुणतोय हे मला फार उशिरा कळलं. बाळांना झोपवताना बायका म्हणतात तेच, अल्ला, अल्ला.

चौथ्या दिवशी वायर काढल्यावर गुरगुर थांबली नाही. मूठ हातातून ठेवली, प्लग माझ्यासमोर बाकावर पडलेला होता. चादरीखाली आवाज चालूच. मग हळूहळू मंद होत गेला, झोप लागल्यासारखा. मोटरला गती असते, ती लगेच कशी थांबेल? हे मी मोठ्याने म्हणालो. दुकानात दुसरं कुणी नव्हतं.

५

खोसियत दुकानात सहसा येत नाही, भुशाने तिला खोकला होतो. त्या दिवशी ती गरम नोनची रोटी आणि चहा घेऊन आली. पस्तिसावा दिवस होता. दारातच थांबली आणि तिचा चेहरा फुलला.

“अगं बाई, दिलनवाज आली? मला कुणी सांगितलं नाही ते.”

“कुठे आलीय?”

“मग हा कोण?” ती पाळण्याशी गेलीसुद्धा. “चाळीस दिवसांच्या आत बाहेर काढलं पोराला. आणि या थंडीत उघड्यावर निजवलंय, काय म्हणावं तुम्हाला.”

मी सांगेपर्यंत तिने चादर उचलली. मी बाकापाशी होतो, मला फक्त तिची पाठ दिसत होती. ती बराच वेळ तशीच वाकलेली राहिली. मग तिने चादर पुन्हा घातली. मला कळलं नाही ते एवढंच, की तिने ती नीट घातली, कडा आत खोचून.

“काय बघितलंस?”

“मोटर आहे,” ती म्हणाली.

“मग?”

“मग काही नाही. तो पाळणा माझ्या नातवाला द्यायचा नाही. दुसरा करा.”

“पाच दिवसांत? वाळलेलं लाकूड कुठंय?”

“कोरीव नको. साधा करा.”

“खोसियत, तूच म्हणतेस रिकामा पाळणा हलू देऊ नका. हलू दिला नाही. म्हणून भरला.”

तिने माझ्याकडे रागाने नाही, कीव आल्यासारखं बघितलं. “रिकामा हलवायचा नाही हे सांगावं लागतं, म्हणून लोक सांगतात. एकाच्या जागी दुसऱ्याला निजवायचं नाही, हे कुणाला सांगावं लागत नाही म्हणून सांगत नाहीत.”

मला राग आला. यंत्र घ्या म्हणून मागे लागली हीच, आणि माझ्या हातून झालेलं सगळ्यात सुंदर काम टाकून द्या म्हणतेयही हीच. तीस वर्षांच्या संसारात मी तिचं जेवढं ऐकलं नाही त्यात हे आणखी एक. पाळणा रिश्तानला जाईल, मी म्हणालो. यंत्र मात्र आजच जाईल.

पट्ट्या सोडताना गाठोडं गरम होतं. दुलई माझ्या हाताखाली वर आली आणि खाली गेली, एकदाच. मी ते झटक्यात उचललं, अंगात जोर आणून. तेवढ्या जोराची गरज नव्हती.

६

“परत घेत नाही म्हटलं ना, उस्ता.”

“अर्ध्या पैशांत घे.”

रिनातने मोटर हातात घेतली आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. दुसऱ्या हातात घेऊन बघितली. “आतलं तांबं काढून विकलंत, आणि वर माझ्याच गळ्यात मारताय?”

“तोंड सांभाळून बोल.”

“मग हलकी का लागते? नुसतं टरफल आहे हे.”

त्याने तिथल्या तिथे चार स्क्रू काढले. आत सगळं होतं. तांब्याची वेटोळी, कार्बन, बेअरिंग, एक तारसुद्धा हललेली नव्हती. त्याने झाकण लावून ती पुन्हा हातात घेतली. मग माझ्याकडे न बघता पैसे मोजून दिले आणि मोटर सतरंजीच्या पार कडेला ठेवली.

मी घरी आलो. पाळणा धुतला, उन्हात ठेवला, हरमलची धुरी दिली, दुलई जाळून टाकली.  चाळिसाव्या दिवशी होल्दोर आणि मी पाळणा गाडीच्या टपावर चढवायला लागलो तेव्हा होल्दोर कण्हत म्हणाला, “कसलं लाकूड वापरलंस रे?”

विलोचं. विलोचं लाकूड हलकं असतं, हे त्यालाही माहीत आहे.

७

समारंभ छान झाला. रीतीप्रमाणे एका म्हातारीने बाळाला आधी उलटं, पायांकडे डोकं करून ठेवलं आणि विचारलं, “असं निजवू?” बायका ओरडल्या, “नाही.” मग सुलटं ठेवलं. असिल पाठ टेकताक्षणी झोपला. असं शांत बाळ बघितलं नाही, सगळे म्हणाले. कोरलेल्या डाळिंबांवरून प्रत्येकीने बोट फिरवून बघितलं. मी खोसियतकडे बघितलं, ती पलाव वाढत होती.

दहा दिवसांनी दिलनवाजचा फोन आला. आवाजात काळजी नव्हती, नुसतं नवल होतं.

“बाबा, पाळण्याच्या तळाला शिसं भरलंय का तुम्ही?”

“नाही. का?”

“असिलला उचललं ना, तरी पाळणा हलका होत नाही. आणि थांबतही नाही. चांगलंच आहे म्हणा, मला झुलवावं लागत नाही.”

त्याच दिवशी मी साधा पाळणा करायला घेतला. ओल्या लाकडाचा, पटाशीने. अंगठ्याची पर्वा केली नाही. सहा दिवस लागले. प्रत्येक फोनला दिलनवाज जास्त आनंदात असायची. असिल किती पितो, किती भरलाय, किती जड झालाय. तो रडतो का, असं मी रोज विचारायचो. “नाही हो,” ती म्हणायची. “कुणीतरी रडतं कधी कधी. शेजारी असेल.”

सातव्या दिवशी दुपारी रिश्तानला पोचलो. दिलनवाजची सासू ओयखोन अंगणात बसली होती. उठली नाही, या म्हणाली नाही, नुसतं खोलीकडे बोट दाखवलं.

खोलीत पडदे ओढलेले होते. दिलनवाज पाळण्याच्या दांडीवर ओणवून पाजत होती, चादर तिच्या खांद्यांवरून दोन्हीकडे पडलेली. चादरीखालून घोट गिळल्याचा आवाज येत होता, सावकाश, न थांबता. तिच्या चेहऱ्यावर असं समाधान मी ती लहान असतानाही बघितलं नव्हतं.

तिच्या पायांपाशी, जमिनीवरच्या गादीवर, असिल होता. डोळे उघडे, ओठ कोरडे, रडून रडून आवाज बसलेला. मी त्याला उचललं. हातात काही आलंय असं वाटलंच नाही.

“बाबा?” दिलनवाजने मान वर केली नाही. “हळू. झोपत आलाय.”

“दिलनवाज, असिल इथे आहे. माझ्याकडे बघ.”

तिने बघितलं. माझ्याकडे, मग माझ्या हातांतल्या बाळाकडे. आणि वैतागली, अगदी माझ्यासारखीच, कपाळाला तशाच आठ्या घालून.

“कुणाचं मूल घेऊन आलात हो? केव्हाचं रडतंय. बाहेर न्या ना त्याला, हा उठेल.”

चादर तिच्या खांद्यावरून थोडी सरकली होती. मी बघितलं नाही. बघायचं नाही, एवढं मला त्या क्षणी पक्कं कळत होतं. पाळणा माझ्या गुडघ्याला घासून डुलत होता.

अंगणात ओयखोनने बाटलीतलं दूध आधीच गरम करून ठेवलं होतं. “घेऊन जा, व्याहीबुवा,” ती म्हणाली. “रोज सांगते तिला, रोज अशीच बघते. माझा पोरगा पाळणा उचलून बाहेर ठेवायला गेला तर तो जागचा हलला नाही, आणि ही त्याच्या अंगावर धावून गेली. इथे याला दूध मिळायचं नाही.”

मी नातवाला ओल्या लाकडाच्या पाळण्यात बांधलं आणि कोकंदला आणलं. रिश्तानला पुन्हा गेलो, तीनदा गेलो. करवतसुद्धा नेली होती. दिलनवाजने हाताने पातं धरलं आणि सोडलं नाही, रक्त आलं तरी.

असिल आता शेळीच्या दुधावर आहे. खोसियत त्याला मांडीवरून खाली ठेवत नाही आणि माझ्याशी कामापुरतंच बोलते. रोज दुपारी दिलनवाजचा फोन येतो. तिचा असिल मजेत आहे, मान धरतो, आईला ओळखतो. मी सगळं ऐकून घेतो. मग इकडे असिल रडायला लागतो आणि ती विचारते, बाबा, तुमच्याकडे कोण रडतंय?

शेजारचं मूल आहे, मी सांगतो.

“त्याच्या आईला म्हणावं जवळ घे,” ती म्हणते.